पासबुकातील शेवटचा रकाना

बँकेविषयी कोणी बोलू लागला म्हणजे भांडवल, ठेवी, व्याजाचे दर असले भारदस्त शब्द आपल्या कानांवर येतात. आज मी आपणांशी ज्याविषयी बोलणार आहे तो विषय त्या मानाने अगदी लहान रकमांचा आहे. वीस रुपये, चाळीस रुपये, सात रुपये वीस पैसे, अशा त्या रकमा. ज्यांच्या घरी दरमहा पगार येतो त्यांच्या हे आकडे ध्यानातही राहत नाहीत. परंतु ज्यांचे घर शासनाच्या अनुदानावर चालते अशा वृद्धांना, विधवांना, अपंगांना आणि निराधारांना हेच आकडे पाठ असतात. कारण या चाळीस रुपयांचे त्यांच्या घरी तेल येते किंवा औषधाच्या गोळ्या येतात.

मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत नोकरी केली. त्यांतील बराच काळ माझ्यापुढे गज होते, गजांपलीकडे लोकांची रांग होती, आणि माझ्या डाव्या हाताला पासबुके छापण्याचे यंत्र होते. २०१७ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. तालुक्यापासून काही कोसांवरची आमची शाखा. एके दिवशी दुपारी एक वृद्ध बाई खिडकीशी आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी पासबुक काढले आणि माझ्यापुढे ठेवले. त्या काळी आमच्या राज्यात निराधारांचे अनुदान महिना ६०० रुपये होते, आणि ते दोनदोन, तीनतीन महिन्यांनी एकदम जमा होई. त्या दिवशी तीन महिन्यांचे १,८०० रुपये आले होते. मी पासबुक छापून दिले. त्यांना वाचता येत नव्हते, पण शेवटच्या रकान्यातला आकडा मात्र ओळखता येत होता. तो १,८०० नव्हता. १,६५८ रुपये ४० पैसे होता.

त्या म्हणाल्या, “साहेब, सरकारनं धाडलेलं पैसं मधी कुणी घेतलं?”

मी त्यांना समजावून सांगितले. खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते. ती नसली म्हणजे महिन्याला ४० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के कर, मिळून ४७ रुपये २० पैसे. तीन महिन्यांचे १४१ रुपये ६० पैसे झाले. हिशेब अगदी चोख होता. मी शेवटी म्हणालो, “आजी, नियम आहे.” त्या काही बोलल्या नाहीत. पासबुक पुन्हा पदरात बांधून निघून गेल्या. एका महिन्याच्या अनुदानातील जवळजवळ चौथा हिस्सा गेला होता, आणि तो घेणाऱ्यांपैकी एक मी होतो. जे मी त्यांना सांगितले ते सर्व खरे होते. जे सांगावयास हवे होते ते मात्र मी सांगितले नाही. ते काय, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक जुनी कथा सांगतो. खात्यात पैसे नसतानाही पैसे उचलता येण्याची जी सोय, तिला आपण ओव्हरड्राफ्ट म्हणतो. या सोयीचा आरंभ स्कॉटलंडमध्ये झाला असे मानतात. एडिंबर शहरातील विल्यम हॉग या व्यापाऱ्याला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने १७२८ साली खात्यातील शिलकेपेक्षा १,००० पौंडांपर्यंत अधिक रक्कम उचलण्यास मुभा दिली. त्याची देणी आधी येत आणि येणी मागाहून वसूल होत. मधल्या काळाची अडचण भागावी म्हणून ही तजवीज होती. म्हणजे व्यापाऱ्याच्या खात्यातील उणे हे त्याच्यावरील विश्वासाचे चिन्ह होते.

गरिबाच्या खात्यातील उण्याला मात्र वेगळाच अर्थ आला. त्याचेही येणे मागाहून येते; अनुदान लांबते, मजुरी लांबते. त्याच्याही देण्याची तारीख आधी उगवते. अडचण तीच, पण तिचे नाव दंड असे पडले. पाश्चात्त्य देशांत भत्त्यावर जगणाऱ्या माणसाचा ओव्हरड्राफ्टच्या शुल्कांनी किती छळ होतो हे आपण अधूनमधून वाचतो. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२० पासून अशी ठोक शुल्के बंद करून केवळ व्याज आकारावे, असा नियम करावा लागला. आपल्याकडे हीच गोष्ट किमान शिलकेचा दंड आणि परत गेलेल्या हप्त्याचा आकार या दोन रूपांनी येते.

या लहान रकमांची बेरीज केवढी होते याचीही कल्पना असावी. २०२४ साली संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी किमान शिलकेच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये जमा केले. हा दंड कोण भरतो? ज्याच्यापाशी शिल्लक आहे तो भरत नाही. ज्याच्यापाशी नाही तोच भरतो. देशातील सर्वांत मोठ्या बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंड रद्द केला आणि २०२५ साली सार्वजनिक क्षेत्रातील आणखी काही बँकांनी तोच मार्ग धरला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु सर्वच बँकांनी तसे केलेले नाही, आणि दंडाच्या वाटा एकाहून अधिक आहेत.

त्या वाटा कोणत्या ते पाहू.

पहिली वाट किमान शिलकेची. हिच्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये काही बंधने घातली आणि ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली. शिल्लक कमी पडताच बँकेने खातेदाराला तसे कळवावे. महिन्याभरात ती भरून निघाली नाही तरच दंड लावावा. दंड तुटीच्या प्रमाणात असावा. आणि केवळ या दंडापायी खाते उणे होऊ नये. नियम चांगले आहेत. पण कळवावयाचे ते भ्रमणध्वनीवरील संदेशाने, आणि आमच्या त्या आजींच्या खात्याला जोडलेला क्रमांक होता मुंबईला गेलेल्या पुतण्याचा! खाते उणे होऊ नये हेही पाळले गेले होते. शिल्लक शून्य असताना दंड वसूल झाला नाही. तो बाजूला मांडून ठेवला गेला आणि अनुदान येताच वळता झाला. अक्षर पाळले गेले आणि अर्थ हरवला, तो असा.

दुसरी वाट हप्त्यांची. घरातील कोणीतरी भ्रमणध्वनी किंवा शिवणयंत्र हप्त्याने घेतो, अथवा बचत गटाबाहेरील एखाद्या संस्थेकडून लहानसे कर्ज काढतो, आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता व्हावा म्हणून सही देतो. ठरलेल्या दिवशी खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो. मग भुर्दंड दोन ठिकाणी पडतो. बँक आपला आकार लावते, कर्ज देणारी संस्था आपला लावते, आणि बँकेच्या आकारावर कर असतो तो वेगळाच. काही संस्था एकाच महिन्यात तोच हप्ता पुन्हापुन्हा मागतात; प्रत्येक वेळी तो परत जातो आणि प्रत्येक वेळी आकार लागतो. हप्ता जागच्या जागी राहतो आणि भुर्दंड मात्र वाढत जातो.

तिसरी वाट एटीएम यंत्राची. साधारण बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला ५ व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महानगरांत ३ आणि इतरत्र ५. त्यापुढील प्रत्येक व्यवहारास १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आकार आणि वर कर घेता येतो. केवळ शिल्लक पाहणे हाही व्यवहारच मोजला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अनुदान आले की नाही हे पाहण्यासाठी म्हातारा माणूस यंत्रापाशी चार फेऱ्या घालतो आणि न कळत आपली मोफत संख्या संपवून बसतो. साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधार वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्र शासनाचा वाटा महिना २०० रुपये आहे. एका जादा व्यवहाराचा करासह आकार २७ रुपयांवर जातो, म्हणजे त्या दोनशेंतील आठव्या हिश्शाहून अधिक!

चौथी वाट विम्याच्या वर्गणीची. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून वळते होतात. या योजना गरिबाच्या हिताच्याच आहेत, आणि त्या बंद कराव्यात असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु त्या आपण घेतल्या आहेत हे घरात ठाऊक असले पाहिजे. नाही तर मे महिन्यात खात्यातून चारशे छत्तीस रुपये गेले म्हणून घरात भांडण होते आणि विम्याचा दावा करण्याची वेळ आली असता कोणालाच आठवण राहत नाही.

आता जे मी त्या आजींना सांगितले नाही त्याकडे वळतो.

या देशातील प्रत्येक बँकेत असे एक बचत खाते उघडता येते की, ज्याला किमान शिलकेची अट नाही. लोक त्याला ‘झीरो बॅलन्स खाते’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २००५ साली अशा साध्या खात्यांची कल्पना मांडली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तिला ‘मूलभूत बचत ठेव खाते’ असे रूप दिले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जन धन योजनेतील खाती याच जातीची आहेत, आणि त्यांची संख्या ५० कोटींच्या वर गेली आहे. या खात्यात पैसे कितीही वेळा जमा करता येतात, महिन्यातून निदान चार वेळा विनामूल्य काढता येतात, एटीएमचे कार्ड मोफत मिळते, आणि शिल्लक शून्य झाली तरी दंड नाही. जुने साधारण खाते याच प्रकारात बदलून घेण्यासाठी एका अर्जाची गरज असते. अट एवढीच की, त्या बँकेत खातेदाराचे दुसरे बचत खाते असता कामा नये.

श्रोतेहो, त्या दुपारी हा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. मला तो कोणी लपविण्यास सांगितले नव्हते. रांग लांब होती, आणि ‘नियम आहे’ एवढे म्हटले की रांग पुढे सरकते, इतकेच.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, ज्यांच्या घरी अनुदान येते त्यांनी आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे हे बँकेत जाऊन विचारावे. ते साधारण बचत खाते असेल तर बदलासाठी लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. शासनाचे पैसे आधार क्रमांक ज्या खात्याशी शेवटी जोडला गेला असेल त्या खात्यात जातात. तेव्हा नवे खाते उघडून जुने बंद करण्याच्या घाईत अनुदानाची वाट चुकू नये. आधी नवी जोडणी झाली याची खात्री करावी, एक हप्ता नव्या खात्यात आलेला पाहावा, आणि मगच जुने बंद करावे.

दुसरी विनंती हप्त्यांविषयी. हप्त्याची तारीख अनुदानाच्या तारखेच्या मागाहून येईल अशी मागून घ्यावी. कर्ज देणाऱ्या संस्थेला हे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही. आणि अनुदानाचाच भरवसा नसेल तर आपोआप वजावटीची संमती मागे घेण्याचा अर्ज बँकेला देता येतो. त्याने कर्ज माफ होत नाही, हप्ता हातोहात भरावाच लागतो. पण परत गेलेल्या हप्त्याचा भुर्दंड टळतो. शक्य असल्यास अनुदानाचे खाते आणि हप्त्यांचे खाते वेगळ्या बँकांत ठेवावे, म्हणजे अनुदानाला कोणाचा हात लागणार नाही.

जन धन खात्यावर ओव्हरड्राफ्टचीही सोय आहे. खाते सहा महिने नीट चालविलेले असेल तर कमाल १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यांतील २,००० रुपयांपर्यंत फारशा अटींशिवाय उचल मिळू शकते. अचानक आजारपण आले असता सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा ही वाट निश्चित बरी. परंतु तिलाही व्याज आहे, आणि उचल केली की पुढचे अनुदान खात्यात येताच प्रथम ते उणे भरून काढते. तेव्हा तिला आपली शिल्लक समजू नये. यंत्र जे देते ते सर्वच आपले नसते.

तिसरी विनंती तक्रारीविषयी. चुकीची वजावट झाली तर प्रथम शाखेत लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. शासनाकडेही बोलावे. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा काही बहिणींच्या खात्यांतून जुने आकार कापले गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि अशी कपात करू नये असे राज्य शासनाने बँकांना बजावले. तक्रारी झाल्या म्हणून हे झाले. पासबुक पदरात बांधून मुकाट्याने घरी जाणाऱ्यांची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

हिशेब मागण्याचा हा हक्क आपल्या मुलखाला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. कर्ज होते म्हणून केवळ ते उठले नव्हते. त्या कागदांवर काय लिहिले आहे हे त्यांना कळत नव्हते, आणि विचारले तर कोणी सांगत नव्हते, हेही त्या संतापाचे एक कारण होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात शेतकऱ्याला पावती मागण्याचा, हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि पासबुकात हिशेब लिहून घेण्याचा हक्क दिला गेला. आज आपण सहज हाती घेतो त्या पासबुकामागे असा इतिहास आहे. आपल्या जुन्या व्यवहारात दामदुपटीचाही एक नियम होता. मुद्दलाइतके व्याज झाले की त्यापुढे सावकाराला एका वेळी मागता येत नसे. कठोर माणसाच्या मागणीलाही कोठेतरी कुंपण असावे, एवढे शहाणपण त्या काळी होते. यंत्राच्या हिशेबालाही ते कुंपण असावे अशी अपेक्षा करणे, यात अवाजवी ते काय?

बँकांच्या बाजूनेही चार शब्द बोलले पाहिजेत. शाखा चालविण्यास खर्च येतो, शून्य शिलकेचे खाते सांभाळण्यासही येतो, आणि तो कोठून तरी निघाला पाहिजे. हे खरे आहे. परंतु १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा बँक खेड्यापर्यंत जावी हाच त्यामागील एक हेतू होता. बँक खेड्यात पोहोचली, शासनाचे अनुदानही बँकेच्या वाटेने येऊ लागले. आता या वाटेने जाण्यावाचून गरिबाला गत्यंतर नाही. ज्या रस्त्याने जाणे भाग आहे त्या रस्त्यावर ज्याच्या खिशात काही नाही त्याच्याकडूनच जकात घ्यावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

त्या आजी दोन महिन्यांनी पुन्हा आल्या. मधल्या काळात मला स्वस्थता नव्हती असे मी म्हणू शकत नाही. खरे सांगावयाचे तर मी त्यांना विसरलो होतो. त्यांनी पासबुक पुढे ठेवले तेव्हा आठवण झाली. त्या दिवशी मी खिडकीवरून उठलो, खणातला अर्ज काढला, भरला आणि त्यांचा अंगठा घेतला. व्यवस्थापकांना सांगितले. त्यांच्या अधिकारात एका महिन्याचे ४७ रुपये २० पैसे परत झाले. बाकीचे गेले ते गेलेच. खाते बदलल्याचे मी त्यांना समजावून सांगितले आणि म्हणालो, “आजी, आता पुन्हा कापले जाणार नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि इतकेच विचारले, “मग हे मागल्या खेपेला का न्हाई सांगितलंत?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आपल्यापैकी पुष्कळांना वाचता येते, अर्ज लिहिता येतो, साहेबाशी दोन शब्द बोलता येतात. आपण इंदूरला असा, हैदराबादेत असा, बडोद्याला, बेळगावला किंवा दिल्लीत असा. बँकेचे हे नियम सर्वत्र सारखेच आहेत. आपल्या आळीत, आपल्या चाळीत, आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईच्या घरी असे एखादे पासबुक असेल. महिन्यातून एकदा ते त्यांच्यापुढे बसून वाचून दाखवा. शेवटच्या रकान्यातला आकडा त्यांना ठाऊकच असतो. त्याच्या आधीच्या रकान्यात काय लिहिले आहे तेवढे सांगा. आणि माझ्यासारखे खिडकीच्या आतल्या बाजूस बसणारे जे कोणी हे भाषण ऐकत असतील त्यांना माझे सांगणे एवढेच, की रांग कितीही लांब असली तरी तो अर्ज खणात ठेवू नका.